ध्रुपद धरणारे

आमच्या मालवणी मुलखांत देवळाच्या खांबावर भजनाची जाहिरात लागली, कीं तिच्यावर दोन नांवें ठळक असतात : एक बुवांचें आणि दुसरें पखवाजवाल्याचें. डबलबारीचा सामना असला तर तींच चार होतात. त्यांच्याखालीं, कागद संपत आल्यामुळेंच कीं काय कोण जाणे, बारीक टाइपांत ‘व सहकारी’ असे दोन शब्द असतात. गेलीं चाळिसांहून अधिक वर्षें मी या दोन शब्दांत राहत आलों आहें.

हें मी तक्रारीच्या सुरांत सांगत नाहीं. एकाच घरांत इतकीं वर्षें काढल्यावर त्याच्या भिंतींशीं जशी ओळख होते, तशी माझी या शब्दांशीं झाली आहे. परंतु परवां एका तरुण मित्रानें मला सरळच विचारलें, “काका, एवढीं वर्षें मागें बसून तुम्हांला मिळालें काय?” तो शहरांत मोठ्या पगारावर आहे आणि आत्मसुधारणेवरचीं पुष्कळ पुस्तकें वाचतो. बुवांना कीर्ति मिळते, बिदागी मिळते. पखवाजवाल्याला टाळ्या मिळतात. मागच्यांना चहा मिळतो. मीं त्याला कांहीं तरी गुळमुळीत उत्तर दिलें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मात्र तो प्रश्न परत आला, आणि पहाटेपर्यंत उशाशीं बसून राहिला.

ज्यांनीं कोंकणांतलें भजन समोर बसून ऐकलें नसेल त्यांच्याकरितां त्याची मांडणी थोडक्यांत सांगतों. मध्यभागीं पेटी घेऊन बुवा बसतात. शेजारीं पखवाज. मागें अर्धवर्तुळांत सहा, आठ, कधीं दहा माणसें. कोणाच्या हातांत टाळ, कोणाच्या हातांत झांज. बुवा चरण गातात आणि मागचे ध्रुपद उचलतात. हें ध्रुपद म्हणजे राजदरबारांत बीनकारांच्या संगतीनें गाइलें जाणारें ध्रुपद नव्हे. अभंगाचें जें पद प्रत्येक कडव्यानंतर फिरून येतें तें ध्रुवपद; न हलणारें. बुवांनीं आलाप घ्यावे, ताना घ्याव्या, रागाच्या वाटेनें हवें तितकें दूर जावें. ते परततील तेव्हां घर जागेवर असलें पाहिजे. तें घर जागेवर ठेवण्याचें काम मागच्यांचें. हें काम नीट झालें तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं, आणि बिघडलें तर बाराव्या रांगेंतल्या म्हातारीलाही कळतें.

मी या मंडळींत शिरलों तो १९८१ सालीं. त्याच वर्षीं १ मे रोजीं रत्नागिरी जिल्ह्याची वाटणी होऊन आमच्या भागाला समुद्रांतल्या किल्ल्याचें नांव मिळालें. मी बावीस वर्षांचा होतों, प्राथमिक शाळेंत नुकताच मास्तर म्हणून लागलों होतों, आणि माझा गळा गोड होता. तो गोड आहे हें मला कोणी सांगावें लागत नसे. पहिल्याच तालमीला मीं ध्रुपद असें काहीं उचललें कीं पखवाजवाल्यानें मान वर करून माझ्याकडे पाहिलें. मला वाटलें, कौतुकानें. गजर संपल्यावर बुवांनीं पेटीचा भाता मिटला, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणें विचारलें, “गळो बरो असा रे झिला, पण कान खंय ठेवलंस?”

मंडळी हसली. बुवा पेशानें सुतार होते. वांकडें लाकूड त्यांना लांबून ओळखूं येत असे. त्यांनीं माझ्या हातांत झांज दिली आणि चार महिने तोंड उघडूं दिलें नाहीं. “आधी आयक. मगे गा,” एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. शाळेंत चाळीस पोरांना मी गप्प बसवीत असें. संध्याकाळीं मी स्वतः गप्प बसत असें.

झांज वाजवणें सोपें आहे. वाजलेली झांज मिटणें कठीण आहे. कांशाच्या दोन वाट्या एकमेकींवर आदळल्या कीं त्यांचा नाद घुमतच राहतो. तो तळहाताच्या कडेनें, जेथें मिटायचा तेथेंच मिटावा लागतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांचें तें लहानसें आवर्तन. त्यांत मिटण्याची जागा अर्ध्या मात्रेनें चुकली, तरी बुवांनीं मोठ्या प्रयासानें लावलेला बारीक स्वर त्या कांशाखालीं चिरडून जातो. पहिले कित्येक दिवस मीं किती स्वर चिरडले त्याची गणती नाहीं. आवाज काढण्यांत जी हौस असते, तिचा शतांशही आवाज आवरण्यांत नसतो. आणि भजनांतलें मागच्यांचें निम्मेंअधिक काम आवरण्याचेंच असतें. बुवांची पट्टी काळी चार. वरच्या षड्जाच्या पलीकडे चरण गेला कीं ज्यांचा गळा तेथवर पोंचत नाहीं त्यांनीं ओरडूं नये, मुकाट्यानें टाळ धरावा, असा नियम होता. माझा गळा तेथवर पोंचत असे, आणि म्हणूनच मला तेथें न गाण्याची आज्ञा होती. हा अन्याय मला समजायला दोन वर्षें लागलीं. माझा आवाज स्वरांत असे. पण तो माझा आहे हें ऐकूं येत असे.

दुसरी गोष्ट लयीची. आठ माणसें एकत्र गाऊं लागलीं कीं लय पुढें पळते, आणि गंमत अशी कीं प्रत्येकाला वाटतें, दुसरा पळवतो आहे. आमच्याकडेही हेंच चालत असे. ‘अमका घाई करतो’ असें मीं बुवांना दोन-तीन वेळां सुचवून पाहिलें. एका संध्याकाळीं बुवा म्हणाले, आज तूं पडवींत बसून नुसतें ऐक. मी बाहेर बसलों. पाऊस पडत होता, आंत गजर चालला होता, मी गुडघ्यावर मात्रा मोजीत होतों. पाऊण तासांत लय तसूभरही पळाली नाहीं. मी आंत आलों तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. बुवांनीं फक्त पेटी पुढें ओढली.

त्या काळीं मी आत्मोन्नतीच्या मागें होतों. बाविसाव्या वर्षीं कोण नसतो? बेंजामिन फ्रँकलिननें आपल्या आत्मचरित्रांत तेरा सद्गुणांच्या तक्त्याची हकीकत दिली आहे. ती कोठें तरी वाचून मींही एक वही आंखली होती. डाव्या बाजूला दुर्गुण, वर तारखा, आणि चुकलेल्या घरांत काळे ठिपके. गणपतींत सुरू केलेली वही शिमग्यापूर्वीं बंद पडली, कारण ठिपक्यांनीं पान इतकें भरलें कीं तारखा दिसेनात. त्याही आधीं, लहानपणीं, आजी दिवेलागणीला आमच्याकडून मनाचे श्लोक म्हणवून घेत असे. समर्थांनीं दोनशें पांच श्लोकांत मनाला हातीं धरून, कधीं चुचकारून, कधीं दटावून मार्गावर आणलें आहे. दोष त्या श्लोकांचा नव्हे. पण माझें मन असें द्वाड कीं श्लोक चालूं असेतों तें मान खालीं घालून ऐकावयाचें आणि शेवटचा श्लोक संपतांच अंगणांत पळावयाचें. मनाला समोर उभें करून उपदेश करण्यांत एक अडचण आहे. उपदेश करणारा आणि ऐकणारा हे एकाच घरचे असल्यामुळें त्यांची आंतून तडजोड होते.

तुकोबांनीं दुसरी एक वाट सांगितली आहे. त्यांचा एक आत्मचरित्रपर अभंग आहे. आपली कहाणी आपण सांगूं नये असें म्हणत, पण संतांनीं पुसलें म्हणून, त्यांनीं ती तेथें सांगितली आहे : दुष्काळ, अन्नावांचून गेलेली बायको, बुडालेला धंदा, भंगलेलें देऊळ नीट करण्याची इच्छा. त्यांतच ते कबूल करतात कीं आरंभीं ते एकादशीला कीर्तन करीत, पण चित्त अभ्यासांत नव्हतें. मग त्यांनीं संतांचीं वचनें पाठ केलीं. आणि जे पुढें गात होते त्यांच्यामागें राहून, शुद्ध भावानें, त्यांचें ध्रुपद धरलें. कवित्वाची स्फूर्ति त्यानंतरची. पुढें त्यांच्याच मागें चौदा टाळकरी उभे राहिले असें परंपरा सांगते. पण मला नवल वाटतें तें याचें कीं एवढा मोठा कवि आपल्या घडणीचा हिशेब देतांना, आपण एके काळीं दुसऱ्याच्या मागें उभे होतों, ही बाब विसरत नाहीं. मागें उभें राहतांना मनाला उपदेश करावा लागत नाहीं. त्याला फक्त दुसऱ्याच्या आवाजाशीं बांधून ठेवावें लागतें. पुढचा केव्हां थांबेल, केव्हां वळेल, याकडे कान असला कीं मनाला स्वतःच्या उचापती करायला फुरसत मिळत नाहीं.

अलीकडे या गोष्टीला शास्त्राचीही थोडी साक्ष मिळाली आहे. स्वीडनमध्यें गोथेनबर्ग येथील ब्यर्न विकहॉफ व सहकारी (येथेंही ‘व सहकारी’ आहेतच!) यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाची गति मोजली होती. सर्वांनीं मिळून एकाच सुरांत स्तोत्र म्हटलें, कीं त्यांच्या हृदयाची गति एकदमच वाढूं आणि एकदमच उतरूं लागते, असें त्यांना आढळलें. त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. गाणें श्वासाला बांधून घेतें, आणि श्वास हृदयाला. लांब ओळ म्हणतांना सगळ्यांचा उच्छ्वास एकदम लांबतो, आणि उच्छ्वास लांबला कीं हृदय संथ होतें. आमच्या बुवांना हें सांगितलें असतें तर ते म्हणाले असते, त्यासाठीं यंत्र कशाला, मृदंगावर हात ठेवला असता तरी कळलें असतें.

आमच्याच किनाऱ्यावर आणखी एक समूहगान आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. पोर्तुगीज अमदानींत गोमंतकांतील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवीत; त्या शिकवणुकीवर पुढें मुंबईच्या वाद्यवृंदांतले कित्येक वादक तयार झाले. मालवण-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती वस्तींतही चर्चमध्यें मिळून गाण्याची चाल आहे. माझे एक सहशिक्षक तेथें खालच्या सुरांत गात. ते म्हणत, “तुमचें बरें आहे मास्तर, सगळे एकाच वाटेनें जातां. आम्हांला शेजारचा वेगळ्या वाटेनें जात असतांना आपली वाट सोडायची नसते.” मी म्हणें, आमच्याकडे उलट, शेजाऱ्याच्या वाटेवर आपलें पाऊल उमटूं द्यायचें नसतें. दोहोंपैकीं अवघड कोणतें, यावर मधल्या सुटींत आमचे पुष्कळ वाद झाले. निकाल लागला नाहीं.

डबलबारीबद्दल मात्र माझें मत फारसें चांगलें नाहीं, आणि तें सांगितल्यानें गांवांतले निम्मे लोक रागावतील हें मी जाणून आहें. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकमेकांना टोमणे मारतात, पुराणांतले प्रश्न विचारून कोंडींत पकडतात. रात्रभर मौज असते. पण ध्वनिवर्धकाचें तोंड बुवांकडे, आणि मागचे आठ जण नुसते आरडाओरड करण्यापुरते. ज्या भजनांत मागच्यांना एकमेकांचा आवाज ऐकूं येत नाहीं, त्यांत गाण्यापेक्षां घरीं निजलेलें बरें.

तर, मित्राच्या प्रश्नाकडे येतों. मागें बसून माणूस सुधारतो काय? माझ्या शाळेपुरतें मी ‘होय’ म्हणेन. मंद मुलाला प्रश्न विचारला आणि तें उत्तराला अडखळूं लागलें, कीं पूर्वीं मी लगेच ‘बस खालीं’ म्हणून दुसऱ्याकडे वळत असें. झांजेच्या सवयीनें मी मनांत आठ मात्रांचें एक आवर्तन मोजूं लागलों. बहुतेक वेळां सहाव्या-सातव्या मात्रेला उत्तर येई. मोठेंसें कांहीं नव्हे. पण कित्येक मुलें त्या दोन-तीन मात्रांकरितांच वर्षानुवर्षें बसून होतीं असें मला दिसलें.

परंतु यापलीकडे माझा अनुभव इतका सोपा नाहीं. आमच्या मंडळींत उत्तम टाळकरी आहेत, जे घरीं बायकोला वाक्य पुरें करूं देत नाहींत. ज्याची लय केव्हांही ढळली नाहीं असा एक जण व्याजानें पैसे देई आणि मुद्दलाहून अधिक वसूल करी. देवळाच्या पायरीवर चपला काढून ठेवतों तसा माणूस आपला एखादा दुर्गुणही तेथें काढून ठेवतो. परत जातांना तोही चपलांबरोबरच पायांत येतो. दुसऱ्यांचें कशाला सांगूं?

कालावलच्या खाडीच्या कांठीं आमची माडांची बाग आहे. ती सामायिक होती. माझे वडील आणि काका यांची. काकांचे चिरंजीव मला चार वर्षांनीं वडील. त्यांना मी भाऊ म्हणें. तेही मंडळींत होते, अर्धवर्तुळाच्या दुसऱ्या टोंकाला, टाळ घेऊन. वडील माणसें गेल्यावर बागेवरून बोलाचाली झाली आणि १९९४ सालीं वाटपाचा दावा कोर्टांत गेला. त्याच वर्षीं चतुर्थीला भाऊंनीं आपला गणपति वेगळा केला. कोंकणांतल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाहीं. जमीन वेगळी होते, चूल वेगळी होते, तरी मूळ घरांत गणपति एक असतो. तो वेगळा झाला म्हणजे मग कांहीं राहिलें नाहीं.

आम्हीं दोघांनीं मंडळी मात्र सोडली नाहीं. कोणी कां सोडावी? ‘भाऊंना सांगा, आज पट्टी अर्ध्यानें उतरवली आहे,’ असें मी तिसऱ्याला सांगें, आणि चार हातांवर बसलेले भाऊ तें ऐकून मान हलवीत, पण त्या तिसऱ्याकडे पाहून.

दाव्यांत माझी साक्ष झाली. बागेंतली मधली ओळ कोणी लावली, असा मला प्रश्न होता. ती काकांनीं लावली होती. मी तेव्हां सहा वर्षांचा होतों. काका खड्डे खणीत, आणि प्रत्येक खड्ड्यांत मीठ व राख टाकण्याचें काम माझ्याकडे होतें. हाताच्या चिरांत मीठ जाऊन आग झालेली मला आजही आठवते. वकिलांनीं मला खोटें बोलायला सांगितलें नव्हतें. ‘आठवत नसेल तर आठवत नाहीं म्हणा,’ एवढेंच ते म्हणाले होते. मी म्हणालों, “आठवत नाहीं.” तें टंकलेखकानें लिहून घेतलें आणि मी सही केली.

त्या संध्याकाळीं मी नेहमींप्रमाणें तालमीला गेलों. झांज एकदांही चुकली नाहीं.

यावर अकरा वर्षें गेलीं. आमच्या गांवीं श्रावणांत देवळांत सप्ताह असतो. सात दिवस, सात रात्री नाम अखंड चालतें. वाड्यावाड्यांना तीन-तीन तासांचे पहारे वांटून दिलेले असतात. सभामंडपाच्या मध्यें समई, आणि तिच्याभोंवतीं फेर धरून विठ्ठलनामाचा गजर. एका वाडीच्या मंडळींनीं नाम दुसरीच्या हवालीं केल्याशिवाय हलायचें नाहीं, हा एकच कायदा. पण तो मोडलेला माझ्या ऐकिवांत नाहीं. २००५ च्या त्या श्रावणांत आमच्या वाडीला रात्रीं बारा ते तीनचा पहारा आला होता. पाऊस असा होता कीं देवळाच्या कौलांवर कोणी भात कांडीत आहे असें वाटावें. आम्ही आठ जण होतों. साडेबारांच्या सुमारास निरोप आला कीं उधाणामुळें खाडीचें पाणी वर चढत आहे. खालच्या अंगाला ज्यांचीं घरें होतीं ते भाताच्या कणग्या आणि गुरें वर काढायला एकामागून एक गेले. एक वाजतां पाहिलें, तर मृदंगावर एक पंधरा वर्षांचा पोरगा, मी आणि भाऊ.

आठ जण गात असतात तेव्हां श्वास चोरतां येतो. एकानें घेतला तरी सात जण ओळ धरून असतात. ऐकणाऱ्याला खंड पडलेला कळत नाहीं. चार महिने गप्प बसवल्यानंतर बुवांनीं मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, कीं ओळीच्या शेवटीं सगळेच श्वास घेतात, म्हणून तूं मध्यें घे. पण दोनच माणसें असलीं म्हणजे हिशेब फार कडक होतो. एक थांबेल तेथें दुसऱ्यानें थांबतां कामा नये. म्हणजे भाऊ कोठें थांबणार हें मला आधीं कळलें पाहिजे, आणि मी कोठें थांबणार हें त्यांना. आम्ही समईच्या दोन बाजूंनीं फिरत होतों. मध्यें ज्योत असल्यामुळें एकमेकांकडे पाहण्याचा प्रसंग नव्हता. पाहण्याची जरुरीही नव्हती. ऐकण्याची होती. अकरा वर्षें ज्याचा शब्द मीं कानांत शिरूं दिला नव्हता, त्याचा श्वास मी रात्रीं दोन वाजतां जिवाचा कान करून ऐकत होतों.

अडीचच्या सुमारास त्या श्वासांत एक बारीक शीळ येऊं लागली. भाऊंना दमा आहे हें मला ठाऊक नव्हतें. काकांना होता. माडाच्या खड्ड्याशीं उकिडवे बसून, कुदळ मांडीवर आडवी टाकून ते असाच श्वास घेत. असाच, मध्यें शीळ घालणारा. आणि मी हातांत मीठ घेऊन, ते परत खणायला केव्हां लागतात याची वाट पाहत उभा राहत असें.

मीं ओळ लांबवली. जेथें मी थांबत होतों तेथें थांबलों नाहीं, आणि त्यांना दोन श्वासांची जागा दिली. पहिल्या वेळीं ते अडखळले; त्यांना तें अपेक्षित नव्हतें. दुसऱ्या वेळीं त्यांनीं ती जागा घेतली. मग तसेंच चाललें. पुढच्या वाडीचीं माणसें चिखल तुडवीत आलीं तेव्हां पावणेचार वाजले होते. त्यांनीं नाम उचललें, आणि आम्ही फेरांतून बाहेर पडलों. पोरगा खांबाला टेकून बसल्या जागींच झोंपला. भाऊंनीं खांद्यावरचा पंचा झटकला, बाहेरच्या अंधाराकडे पाहिलें आणि म्हणाले,

“घरात पाणी इला असतला. येतंय हां.”

निरोप घेतांना आपल्या माणसाला कोणी ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. पण परक्याला तेवढेंही सांगण्याचें कारण नसतें.

यापुढें मी दुसऱ्या दिवशीं उठून वकिलांकडे गेलों आणि साक्ष फिरवली, असें वाचकांना वाटत असेल तर मला त्यांची निराशा केली पाहिजे. मी गेलों नाहीं. भीति वाटली, लाजही वाटली, आणि त्या आठवड्यांत शाळेंत घटक-चाचण्या होत्या; माणसाला अशा वेळीं घटक-चाचण्यांचा मोठा आधार असतो. दोन वर्षांनीं दावा तडजोडींत निघाला. मधली ओळ भाऊंच्या वांट्याला गेली. पण ती माझ्या साक्षीमुळें नव्हे, माझी साक्ष असूनही. माझें वाक्य त्या कागदांत जसेंच्या तसें आहे आणि त्याखालीं माझी सही आहे.

मात्र त्याच वर्षींच्या चतुर्थीला, सप्ताहानंतर महिन्याभरानें, मंडळी घरोघर भजनें करीत निघाली तेव्हां भाऊंच्या दारांत मी नेहमींसारखा मागच्या मागें सटकलों नाहीं. आंत जाऊन बसलों. भजन झालें. वहिनींनीं काळ्या वाटाण्यांची उसळ आणि चहा आणला. मला देतांना त्या क्षणभर थांबल्या, आणि मग उसळीचा आणखी एक डाव घातला. माणसें बोलत होतीं, पोरें आरत्यांची घाई करीत होतीं. भाऊ माझ्याजवळ टाळांच्या दोऱ्या तपासत बसले होते. मी म्हणालों, “भाऊ, मधली वळ काकान लायली.”

त्यांनीं दोरीची गांठ ओढून पाहिली.

“माका ठावक असा,” ते म्हणाले. “मीठ तूच घालीत हुतंस.”

एवढेंच. पुढच्या घरीं जायची वेळ झाली होती. गणपति वेगळा राहिला तो राहिलाच, आणि आम्ही एकमेकांच्या घरीं फार येऊं-जाऊं लागलों असेंही नाहीं. पण तालमीला मी टोंक बदललें. तेव्हांपासून आम्ही शेजारीं बसत असूं, आणि ओळीच्या मध्यावर, चौथ्या मात्रेनंतर, मी श्वास घेत असें. त्या वेळीं ते ओळ धरून असत. त्यांचा श्वास ओळीच्या शेवटाअलीकडे, तेव्हां मी. यावर आमचें बोलणें कधीं झालें नाहीं.

२०१९ च्या पावसाळ्यांत भाऊ गेले. त्या जागीं हल्लीं एक तरुण बसतो; त्याचा गळा गोड आहे. आमचे जुने बुवाही आतां नाहींत, त्यांचा पुतण्या पेटीवर असतो आणि तो कानाचा फार तिखट आहे. गेल्या चतुर्थीच्या तालमीला त्यानें मध्येंच भाता थांबवला, मागें वळला, आणि मी वयानें वडील म्हणून जरा संकोचत म्हणाला, “काका, थंय भोक पडता.” कोठें पडतें तें मला विचारावें लागलें नाहीं. म्हणून आतां मी दोन मात्रा अलीकडे श्वास घेण्याचा सराव करीत आहें. सकाळीं अंगणांत फेऱ्या घालतांना तो जमतो. मंडळींत बसलों कीं चौथ्या मात्रेला मी अजून थांबतों.